आजार नाही, तरी हत्तीपायाच्या गोळ्या कशाला खायच्या?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, काही चुकलं तर सांगा. पूर्व विदर्भातलं गाव, घरात तुम्ही, नवरा, सासूबाई आणि दोन पोरं. आशाताई आली, काठी लावून सगळ्यांची उंची मोजली, तुमच्या नवऱ्याच्या हातावर एकदम ८ गोळ्या ठेवल्या आणि समोर उभी राहून खायला लावल्या. रात्री त्याला ताप भरला, डोकं ठणकलं, चक्कर आली, दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडाली. तिकडे सासूबाईंचा उजवा पाय १० वर्षांपासून सुजलेला, त्या बिचाऱ्या दरवर्षी न चुकता गोळ्या खातात आणि पाय काही उतरत नाही. म्हणून तुम्ही विचारताय की जिला आजार आहे तिला गुण नाही आणि ज्याला काही नाही तोच आजारी पडला, मग हे औषध आहे की आमच्यावर प्रयोग चाललाय?

विदर्भातल्याच गावांत हत्तीरोग पथकात लॅब टेक्निशियन म्हणून मी २४ वर्षं काढली, रात्री लोकांच्या बोटाला टोचत फिरलो, आता रिटायर आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो, त्यामुळे नवऱ्याला नेमकं काय झालं ते इथे बसून सांगणार नाही. पण तुमचा प्रश्न मी हजार दारांत ऐकलाय आणि मला विचाराल तर गोंधळ आमच्याच लोकांनी घातलाय. पोस्टरवर फोटो छापायचा सुजलेल्या पायाचा आणि खाली लिहायचं 'गोळ्या खा'. मग माणूस काय समजणार, गोळी पायासाठी आहे असंच ना. गोळी त्या पायासाठी नाहीच मुळी. ती आहे तुमच्या नवऱ्यासारख्या धडधाकट दिसणाऱ्या माणसासाठी, आणि सासूबाईंच्या पायाला लागतं साबण-पाणी. ही दोन वेगळी कामं आहेत, एका मोहिमेत कोंबली आणि लोकांचा विश्वास गेला.

आता जरा आतली गोष्ट सांगतो. हा रोग ज्या जंताने होतो त्याचं नाव वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी. (आपल्या देशात जवळपास सगळा हाच, केरळच्या बाजूला थोडा ब्रुगिया नावाचा दुसरा.) मोठी मादी ८-१० सेंटिमीटर लांब, शिवणाच्या दोऱ्यासारखी बारीक आणि पांढरी, नर तिच्या निम्म्याहूनही लहान. हे राहतात लसिकावाहिन्यांमध्ये, म्हणजे जांघेत, पायात, अंडकोशाच्या पिशवीजवळ ज्या बारीक नळ्या शरीरातलं पाणी परत वर नेतात त्यांच्यात. तिथे ते ६ ते ८ वर्षं जगतात आणि मादी आयुष्यभरात लाखोंनी पिल्लं सोडते. त्या पिल्लांना म्हणतात मायक्रोफायलेरिया, आम्ही नुसतं एमएफ म्हणायचो. एमएफ रक्तात फिरतात आणि त्यांच्यामुळे माणसाला कळावं असं काहीही होत नाही. ताप नाही, सूज नाही, खाज नाही. माणूस शेतात राबतो, लग्नात नाचतो आणि रात्री त्याच्या अंगणात बसलेला प्रत्येक डास त्याच्या रक्तातून पिल्लं उचलतो.

रात्रीच का? कारण हे एमएफ दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री १० ते २ च्या दरम्यान हातापायाच्या रक्तात येतात, बरोबर त्याच वेळी आपला घरगुती क्युलेक्स डास चावायला निघतो. म्हणून आमच्या पथकाला रात्रीचं फिरावं लागायचं, कुत्री अंगावर घ्यायची, झोपलेल्या माणसाला उठवून 'बोट द्या' म्हणायचं. नोकरीला लागलो तेव्हा एका गावात थंडीचे दिवस होते, लोक लवकर झोपतात म्हणून आम्ही शहाणपणा केला आणि ७ वाजताच रक्त घेऊन मोकळे झालो. सगळ्या स्लाइडी निगेटिव्ह. साहेबांनी वेळ विचारली, मी सांगितली, आणि मग जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुन्हा गेलो, १० नंतर, तीच घरं तीच बोटं, आणि तीन जणांच्या स्लाइडवर एमएफ. ७ वाजता घेतलेली यांचीच स्लाइड कोरी होती.

त्यातल्या एकाच्या रक्ताचा ताजा थेंब मी मायक्रोस्कोपखाली तसाच बघितला, रंग न लावता. रंगवलेल्या स्लाइडवर एमएफ म्हणजे नुसती जांभळी वळवळ गोठलेली दिसते, पण ताज्या थेंबात आधी जंत दिसतच नाही, दिसते ती ढकलाढकली. तांबड्या पेशी शांत पडलेल्या असतात आणि मधेच एका कोपऱ्यात त्या धक्के खाऊन बाजूला व्हायला लागतात, जत्रेत गर्दीतून कुणी पोरगं घुसावं तशा. मग त्या धक्क्यांच्या मागे पारदर्शक सापासारखं काहीतरी, चाबकासारखं इकडून तिकडे फटके मारतंय. ज्याचं रक्त होतं तो २५-२६ वर्षांचा पैलवान गडी. त्याला बोलावून दाखवलं. बराच वेळ डोळा लावून बसला, मग म्हणाला, 'हे माह्या अंगात हाय? मले तं काहीच नाही होत.' बस, हाच तर मुद्दा आहे ताई, त्याला काहीच होत नव्हतं आणि गावातल्या पोरांना त्याच्याकडूनच मिळत होतं.

हे डासातून पसरतं हे पहिल्यांदा पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरने १८७७ साली चीनमधल्या अमॉय बंदरात दाखवलं, हिनलो नावाच्या त्याच्या नोकराच्या रक्तात एमएफ होते, त्याला डासांच्या खोलीत झोपवलं आणि रक्त पिऊन फुगलेले डास फाडून बघितले तर आत जंत वाढताना सापडले. कुठल्याही माणसाच्या रोगाचा जंतू डासात वाढतो हे कळायची ती पहिलीच वेळ, मलेरियाचं कोडं २० वर्षांनी सुटलं. पण गंमत म्हणजे पुढचं मॅन्सनचं चुकलं, त्याला वाटलं डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने रोग होतो. अजूनही खेड्यात लोक सांगतात ना की अमक्या विहिरीचं पाणी प्यायलं म्हणून पाय सुजला, तर अशी चूक मोठ्या माणसांनीपण केलीय, लाज वाटायचं कारण नाही.

डासाच्या पोटात एमएफ गेलं की १०-१४ दिवसांत ते चावण्यालायक अळी होतं. डास चावताना ती अळी सोंडेतून बाहेर पडून कातडीवर येते आणि चावल्याच्या भोकातून स्वतः आत शिरते. इथे मलेरियाशी एक मोठा फरक आहे. मलेरियाचा जंतू डासात गेला की एकाचे हजारो होतात, फायलेरियाचं, म्हणजे या हत्तीरोगाच्या जंताचं, तसं नाही, जेवढी पिल्लं उचलली तेवढीच फार तर अळ्या होणार, त्यातल्याही बऱ्याच वाटेत मरतात. म्हणून एका चाव्याने हत्तीपाय होत नाही, वर्षानुवर्षं शेकडो-हजारो चावे लागतात. लागण बहुतेकांना लहानपणीच होते आणि पाय दिसतो तिशी-चाळिशीत. म्हणजे तुमच्या पोरांना गोळी देताना आम्ही त्यांच्या २० वर्षांनंतरच्या पायाचा विचार करत असतो.

आणि याचमुळे हा रोग संपवता येतो. गावातल्या सगळ्यांच्या रक्तातले एमएफ एकदम कमी केले तर डासाला उचलायलाच काही मिळत नाही. डास राहिले तरी रोग थांबतो.

आता गोळ्यांकडे येतो. तीन प्रकारच्या गोळ्या असतात. डीईसी मोठ्या माणसाला ३, अल्बेंडाझोल १ (ती चावून खायची), आणि आयव्हरमेक्टिन उंचीप्रमाणे १ ते ४. तुमचा नवरा उंच असणार म्हणून त्याला ४ आल्या, एकूण ८. उंची का मोजतात तर डोस खरं म्हणजे वजनावर ठरतो, पण दारोदार वजनकाटा घेऊन कोण फिरणार, कुठे सपाट जमीन नसते कुठे काटा बिघडतो, म्हणून काठीवर खुणा. त्या चारही गोळ्या मिळून एकच डोस आहे, चारपट डोस नाही.

प्रयोग आहे का, हे तुम्ही थेट विचारलंत, तर थेटच सांगतो. डीईसी १९४७ पासून माहीत आहे, आपल्याकडे हत्तीरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून आहे आणि घरोघरी वर्षातून एकदा गोळ्या द्यायची मोहीम २००४ पासून. आयव्हरमेक्टिन आफ्रिकेत नदीकाठच्या आंधळेपणावर (तोही एका जंताचाच रोग) १९८७ पासून फुकट वाटतायत, ज्यांनी त्याचा शोध लावला त्या ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. नवीन गोष्ट काय, तर तिन्ही औषधं एकत्र देणं. त्याचा अभ्यास पापुआ न्यू गिनी देशात झाला. तिन्ही औषधांचा एकच डोस दिलेल्या लोकांपैकी ९६ टक्के लोकांच्या रक्तात वर्षभराने एमएफ सापडले नाहीत, दोनच औषधं दिलेल्यांत हा आकडा ३२ टक्के होता. एवढा फरक मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुठल्या औषधात बघितला नाही. मग सुरक्षित आहे का ते बघायला ५ देशांत मिळून २६,००० हून जास्त लोकांवर अभ्यास झाला, त्यात आपल्या शेजारचा कर्नाटकातला यादगीर जिल्हा होता. त्यानंतर देशात सुरुवातीला ५ जिल्ह्यांत हे चालू केलं, त्यात आपलं नागपूर होतं. म्हणजे प्रयोग झाले, पण तुमच्या दारात गोळी यायच्या आधी झाले.

एक बारीक गोष्ट यात आहे, ती लोकांना कुणी सांगत नाही. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी डीईसी देतच नाहीत. जिथे तो नदीकाठचा आंधळेपणाचा रोग आहे तिथे डीईसीने डोळ्यातले जंत एकदम मरून नजर जाऊ शकते. आपल्या देशात तो रोग नाही म्हणून आपल्याकडे देता येतं. सांगायचं कारण, कुठल्या गावात काय द्यायचं हे तिथल्या रोगावर ठरतं, आणि व्हॉट्सॅपवर 'अमक्या देशात हे औषध बंद' असं आलं तर ते खरंही असू शकतं आणि तरी तुम्हाला लागू नसू शकतं.

मग नवऱ्याला ताप का आला? दोन-तीन शक्यता. रिकाम्या पोटी खाल्ल्या असतील तर मळमळ-चक्कर नुसत्या तेवढ्यानेही येते. दुसरी शक्यता, आणि माझ्या अनुभवात हीच जास्त, की त्याच्या रक्तात एमएफ होते. गोळी पोटात गेली की ते झपाट्याने मरतात, मेलेल्या जंतांशी शरीर झगडतं, त्याने ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं होतं, साधारण एक-दोन दिवसांत उतरतं. एमएफ जितके जास्त तितका त्रास जास्त. ज्याच्या अंगात काहीच नाही त्याला बहुतेक काही होत नाही. आमच्यात म्हणायचे की ताप आला म्हणजे गोळीने चोर पकडला. पण मी रक्त बघितलेलं नाही, त्यामुळे खात्री देत नाही, त्याच दिवशी साधा व्हायरल तापही असू शकतो. खात्री करायची असेल तर पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) विचारा, रात्रीचं रक्त कधी घेतात, किंवा जवळ हत्तीरोगाचं रात्र चिकित्सालय आहे का. मात्र मोहिमेनंतर लगेच स्लाइड केली तर ती कोरीच येणार, औषधाने एमएफ मारलेले असतात, त्यामुळे त्यावरून आधी काय होतं ते कळणार नाही. दिवसा करायची एक पट्टीची तपासणीपण असते, ती मोठ्या जंताची खूण पकडते, त्यामुळे गोळीनंतरही पॉझिटिव्ह येऊ शकते, पण ती सगळीकडे मिळत नाही.

पुढच्या वेळी पोटभर जेवूनच गोळ्या घ्यायला सांगा, दुसऱ्या दिवशी शक्यतो काम ठेवू नका, आणि आशाताईला आधीच सांगा की गेल्या वेळी त्रास झाला होता. श्वास लागला, तोंड सुजलं, बेशुद्धी आली तर मात्र वाट बघायची नाही, लगेच दवाखाना, असं फार क्वचित होतं पण झालं तर वेळ घालवू नये. आणि कुणी खाऊ नयेत तेही ऐका. २ वर्षांच्या आतलं मूल, गरोदर बाई, खूप आजारी माणूस, यांना कुठलीच गोळी नाही. ५ वर्षांच्या आतल्या मुलाला आयव्हरमेक्टिन नाही. नुसतं बीपी किंवा शुगर आहे म्हणून टाळायचं कारण नसतं, पण किडनी-हृदयाचं मोठं काही चालू असेल तर आशाताईशी वाद घालत बसू नका, डॉक्टरला विचारा.

दरवर्षी का, असंही तुम्ही मधे लिहिलंय. कारण गोळ्यांनी पिल्लं झपाट्याने मरतात पण नळीत बसलेले मोठे जंत सगळे मरत नाहीत. काही वांझ होतात, काही महिन्यांनी पुन्हा पिल्लं सोडायला लागतात. मग पुन्हा गोळी. मोठा जंत म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याची पिल्लं दरवर्षी मारत राहायचं, असा हा सरळ हिशेब आहे. तीन औषधांनी हे लवकर उरकतं. गणित असं की गावाच्या एकूण लोकसंख्येतल्या किमान ६५ टक्के लोकांच्या पोटात गोळी गेली पाहिजे. पोटात, हातात नाही. आधी आम्ही गोळ्या वाटायचो आणि रजिस्टरवर ९० टक्के लिहायचो. मग एका घरी रक्त घ्यायला गेलो तर खिडकीत चहापत्तीच्या डब्यात तीन वर्षांच्या गोळ्या, रबर लावून, वर्षाप्रमाणे वेगळ्या. म्हातारबुवा म्हणाले, सरकारी वस्तू आहे, फेकायची कशी. म्हणून आता समोर खायला लावतात. अपमान वाटतो मला माहीत आहे, पण कारण हे आहे.

आणि खरा त्रास देतात ते एखाद्या वर्षी चुकलेले लोक नाहीत, दरवर्षी तेच ते न खाणारे. त्यांच्या अंगात साठा राहतो आणि गाव बरं होत आलं की त्यांच्यापासून पुन्हा सुरू. यात आमच्या बाजूचीपण चूक आहे, तारखा पुढे ढकलण्यात आम्ही पटाईत, आधी म्हणाले २०१५ पर्यंत देशातून घालवू, आता २०२७ म्हणतात. पण होत नाही असं नाही. चीनने मिठात डीईसी घालून घालवला, श्रीलंकेने २०१६ साली घालवला, बांगलादेशने २०२३ साली. त्यांचे डास काही आपल्यापेक्षा सभ्य नाहीत.

डासांचं थोडक्यात. क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो, नाली, सांडपाण्याचा खड्डा, संडासची टाकी. टाकीच्या पाइपला वरून जाळी बांधा, मच्छरदाणीत झोपा. झालं.

आता सासूबाई. त्यांचा पाय सुजलाय कारण जंतांनी नळ्या खराब करून ठेवल्यात, आता जंत जिवंत असोत की मेलेले, फुटलेला पाट गोळीने बुजत नाही. त्यांनी गोळी खावी, पण पायासाठी नाही, गावासाठी. (घरात कुणा पुरुषाला अंडवृद्धी असेल तर ती मात्र ऑपरेशनने जाते, लाजेपोटी लपवू नये.) पाय आणखी वाढतो कशाने, तर मधून मधून थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, तापतो, हात लावू देत नाही. हे दुखणं जंतांचं नसतं, बोटांच्या बेचक्यातल्या चिरेतून साधे जंतू आत शिरतात आणि निचरा बंद असल्यामुळे तिथेच माजतात. प्रत्येक हल्ल्यानंतर पाय थोडा जास्त जाड होतो. त्या वेळी डॉक्टरकडे जाऊन अँटिबायोटिक घ्यायचं, पाय चोळायचा नाही, शेकायचा तर अजिबात नाही.

हे हल्ले थांबवायचं औषध म्हणजे रोजचं धुणं, आणि मी एका आजींचा पाय असा बघितलाय की वर्षभरात ताप यायचा थांबला आणि त्यांची जुनी चप्पल परत बसायला लागली. साधं पाणी, गरम नाही. साधा साबण, हातावर फेस करून, घासणी-ब्रश काही नको. वरून खाली, कातडीच्या घड्यांत, आणि प्रत्येक बेचक्यात बोट घालून. मग पाणी ओतून साबण पूर्ण काढायचा आणि मऊ सुती कापडाने टिपायचं, घासायचं नाही, बेचक्यातून कापडाचं टोक फिरवायचं. सगळं लक्ष कोरडं करण्यावर, लोक धुतात बरोबर आणि ओलं सोडतात. रात्री झोपताना खाटेच्या पायथ्याच्या बाजूच्या दोन्ही खुरांखाली एकेक वीट. बसल्या बसल्या टाच वर-खाली, दिवसातून बऱ्याच वेळा. बाहेर जाताना चप्पल. यासाठी टब, मग, साबण, टॉवेल, मलम असं किट सरकारकडून मिळतं, तुमच्या सासूबाईंचं नाव पीएचसीच्या यादीत आहे का ते विचारा, नसेल तर लिहून घ्यायला लावा, आशाताई गोळ्या घेऊन येते तेव्हाच सांगितलंत तरी चालेल.

आज रात्री एक करा. टॉर्च घेऊन सासूबाईंच्या पायाची बोटं एकेक करून फाकवून बघा, चौथ्या-पाचव्या बोटाच्या मधे खास. पांढरं, भिजल्यासारखं, सोललेलं दिसलं किंवा वास आला, तर तिथूनच आत शिरतायत. त्यावर लावायचं बुरशीचं मलम उद्याच पीएचसीतून आणा, आणि कसं दिसलं ते इथे लिहा.